ऑर्डर-ग्रिडमधले ड्रॉपडाउन : प्रकल्प नोंदी

प्रकल्प: टॉवेल-चादर ऑर्डर नोंदणी, डेस्कटॉप आवृत्ती. ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. जावा १७, स्विंग (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी), विंडोज १०. क्लास, मेथड आणि प्रॉपर्टीची नावे इथे उच्चाराप्रमाणे तोडून लिहिली आहेत. कोडमध्ये ती सलग आहेत.

६ जानेवारी २०२५

ऑर्डरच्या टेबलात कॉलम ठरले: प्रकार, माप, डिझाइन, रंग, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन), नग, दर, पॅकिंग. सगळीकडे ड्रॉपडाउन द्या अशी मागणी होती. ती मान्य केली नाही. जिथे मास्टर (ठरलेल्या मूल्यांची यादी) आहे आणि यादी एका नजरेत मावते तिथेच ड्रॉपडाउन: प्रकार, माप, रंग, पॅकिंग. डिझाइनचे मास्टर आहे, पण नावे शेकड्यांनी; त्याचे वेगळे बघू.

जीएसएमला ड्रॉपडाउन नको, यावर थोडा वाद झाला. व्यापारी जीएसएम सांगतातच असे नाही, बरेचदा डझनाचे वजन सांगतात. ३०×६० इंचाच्या टॉवेलचे क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. ४०० जीएसएमला एक नग सुमारे ४६४ ग्रॅम, म्हणजे डझन साधारण ५.५७ किलो. गिऱ्हाईक ‘साडेपाच किलो डझन’ म्हणाले की जीएसएम ३९५ च्या आसपास निघतो, आणि तो कुठल्याच ठरावीक यादीत नसतो. मोकळा आकडा, किमान-कमाल तपासणीसह. बस.

८ जानेवारी

पहिली जोडणी. ‘जे कोंबो बॉक्स’ (स्विंगचा ड्रॉपडाउन, पुढे नुसता ‘कोंबो’) तयार केला, तो ‘डीफॉल्ट सेल एडिटर’ला (सेलमधले मूल्य बदलू देणारा भाग) दिला, आणि तो एडिटर ‘टेबल कॉलम’वर ‘सेट सेल एडिटर’ने बसवला. एवढ्यावर ड्रॉपडाउन दिसतो आणि चालतो. अडचणी पुढे सुरू होतात, त्याचे कारण आत्ताच लिहून ठेवलेले बरे.

टेबलाच्या सेलमध्ये ड्रॉपडाउन नसतो. सेलमध्ये दिसते ते रेंडररने (सेल रंगवणारा भाग) काढलेले चित्र. क्लिक झाले की कॉलमचा एकुलता एक कोंबो त्या सेलच्या मापात बसवला जातो, संपादन संपले की उचलला जातो. साध्या मागावर धोटा एकच असतो आणि तोच प्रत्येक ओळीतून फिरतो, तसे हे आहे. ओळी पाच असोत की पाच हजार, कोंबो एकच. आधीच्या ओळीवरून येताना तो काय घेऊन येतो, हे ज्याने-त्याने बघायचे.

बारीक गोष्टी: मजकुराच्या एडिटरला संपादन सुरू करायला दोन क्लिक लागतात, कोंबोला एक. एकाच टेबलात दोन्ही असले की लोक गोंधळतात. मजकुराच्या एडिटरलाही ‘सेट क्लिक काउंट टू स्टार्ट’ एकवर आणले.

९ जानेवारी

शेवटच्या ओळीत रंग निवडला, सरळ ‘जतन करा’ दाबले, डेटाबेसमध्ये जुनेच मूल्य. मजकुराच्या कॉलमला हे हमखास होते. कोंबोत यादीतून निवडल्यावर संपादन लगेच संपते, म्हणून तिथे कमी दिसते. पण बाणाने खाली-वर केले, एंटर दाबला नाही आणि जतन केले, की तेच.

स्विंगमध्ये फोकस (कीबोर्ड ज्या घटकाला लागू असतो ती जागा) टेबलाबाहेर गेला तरी संपादन आपोआप संपत नाही; ते सुरूच राहते आणि मूल्य एडिटरमध्ये अडकून पडते. उपाय सगळ्यांना माहीत असलेला: टेबलावर ‘टर्मिनेट एडिट ऑन फोकस लॉस्ट’ ही क्लायंट प्रॉपर्टी सत्य करायची (पहिले अक्षर लहान, चूक झाली तर कुठलीही एरर येत नाही, नुसते काम होत नाही). यात फोकस बाहेर गेला की आधी ‘स्टॉप’ (मूल्य लिहून संपवणे) करून बघतात, एडिटरने नकार दिला तर ‘कॅन्सल’ (मूल्य टाकून देणे). म्हणजे चुकीचा आकडा टाइप करून बाहेर क्लिक केले तर तो आकडा गुपचूप टाकून दिला जातो. हे माहीत असलेले बरे.

पण ही प्रॉपर्टी पुरी पडत नाही. फोकस त्याच विंडोतल्या दुसऱ्या घटकावर गेला तरच ती काम करते. टूलबारची बटणे आपण फोकस न घेणारी ठेवली आहेत, तिथे फोकस हलतच नाही. कंट्रोल-एसलाही हलत नाही. वेगळा डायलॉग उघडला तर फोकस दुसऱ्या विंडोत जातो, तेव्हाही संपादन चालूच. म्हणून जतन, छपाई, पुढची ऑर्डर, विंडो बंद या प्रत्येक कृतीच्या पहिल्या ओळीत हे घातले: टेबल संपादनात आहे का? असेल तर ‘स्टॉप सेल एडिटिंग’. ‘खोटे’ परत आले, म्हणजे एडिटरने नकार दिला, तर तिथेच थांबायचे, पुढे जायचे नाही. एकच मेथड करून सगळ्यांनी तीच बोलवायची.

१० जानेवारी

आजची तक्रार या टेबलातली सगळ्यात घातक. ऑर्डर घेणाऱ्यांकडून आलेले शब्द: ‘मी फक्त बघायला क्लिक केलं, रंग आपोआप बदलला.’ यातले ‘फक्त बघायला’ महत्त्वाचे निघाले.

चाचणीत असे दिसले. तिसऱ्या ओळीत रंग ‘राणी’. सातव्या ओळीत ‘मोरपंखी’, जो आता मास्टरमध्ये बंद केलेला आहे, पण ऑर्डर जुनी असल्याने ओळीत आहे. तिसऱ्या ओळीचा रंग उघडला, बंद केला. सातव्या ओळीवर एफ-२ दाबले. ड्रॉपडाउन ‘राणी’ दाखवतो. काही न निवडता टॅब दाबला. सातवी ओळ राणी. एरर नाही, इशारा नाही. शंभर डझनाची ऑर्डर असेल तर हा रंग थेट डाइंगपर्यंत जाईल.

कारण ‘सेट सिलेक्टेड आयटम’मध्ये आहे. कोंबो टाइप करता न येणारा असेल आणि दिलेले मूल्य यादीत सापडले नाही, तर ही मेथड काहीच न करता परत फिरते. अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चालताना येणारी एरर) फेकत नाही, निवड रिकामी करत नाही. म्हणजे आधीच्या ओळीची निवड तशीच राहते. एडिटर सामायिक असल्यामुळे ती दुसऱ्या ओळीत दिसते, आणि टॅब, दुसऱ्या सेलवर क्लिक, फोकस जाणे यातल्या कशानेही ती मॉडेलमध्ये (टेबलाच्या मागचा डेटा) लिहिली जाते. कालची प्रॉपर्टी लावल्याने हे आणखी सोपे झाले, हेही खरे.

मूल्य यादीत ‘न सापडण्याची’ दोन कारणे आहेत, आणि दुसरे जास्त फसवे. पहिले, मूल्य खरोखरच यादीत नाही. दुसरे, मूल्य यादीत आहे पण ऑब्जेक्ट वेगळा. ऑर्डर उघडताना रंगाचा एक ऑब्जेक्ट डेटाबेसमधून आला, मास्टर भरताना दुसरा. दोघांचा आयडी एक, नाव एक. पण क्लासमध्ये ‘इक्वल्स’ (दोन ऑब्जेक्ट सारखे कधी मानायचे ते सांगणारी मेथड) लिहिलेले नसेल तर जावाच्या लेखी दोन वेगळे. अशा वेळी सगळ्याच ओळी चुकीचे दाखवतात आणि शोधणारा माणूस डेटाबेसकडे बघत बसतो.

दुरुस्ती:

सगळ्या मास्टर क्लासेसना ‘इक्वल्स’ आणि ‘हॅश कोड’ आयडीवरून. नावावरून नाही, नावात उद्या सुधारणा होऊ शकते.

‘डीफॉल्ट सेल एडिटर’चा उपवर्ग, त्यात ‘गेट टेबल सेल एडिटर कंपोनंट’ (सेल उघडताना एडिटर तयार करणारी मेथड) नव्याने लिहिली. ती प्रत्येक वेळी यादी नव्याने बांधते: चालू रंग, आणि ओळीतले सध्याचे मूल्य त्यात नसेल तर तेही सगळ्यात वर, ‘मोरपंखी (बंद)’ असे. जुनी ऑर्डर वाचताना जुने मूल्य दिसलेच पाहिजे. नव्या ओळीला मात्र ते मिळणार नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी यादी, मग मूळ मेथडला हाक. उलटे केले तर वेगळाच प्रकार होतो. ‘डीफॉल्ट कोंबो बॉक्स मॉडेल’ रिकामे असताना पहिला घटक टाकला की तो आपोआप निवडला जातो. मूळ मेथड आधी बोलावून मग यादी भरली, तर रिकाम्या सेलला यादीतला पहिला रंग चिकटतो. आपल्या यादीत पहिला पांढरा आहे. पांढरा इतका नेहमीचा की कुणाला शंकाही येणार नाही.

मॉडेलच्या ‘सेट व्हॅल्यू अ‍ॅट’ या मूल्य लिहिणाऱ्या मेथडमध्ये: नवे मूल्य जुन्याइतकेच असेल तर काही करू नका, ओळ ‘बदललेली’ धरू नका. आता बदलाच्या नोंदीत न बदललेल्या ओळी येत नाहीत, म्हणून खरा बदल उठून दिसतो.

११ जानेवारी

प्रकारावर अवलंबून माप. टॉवेलला ३०×६० आणि २७×५४, हँड टॉवेलला १६×२४, चादरीला ६०×९० सिंगल आणि ९०×१०० डबल, असे. कालच्या उपवर्गात हे सहज बसले: मेथडला ओळीचा क्रमांक मिळतो, त्या ओळीचा प्रकार बघायचा, त्याप्रमाणे यादी बांधायची.

क्रमांकाची गोम: मेथडला मिळतो तो पडद्यावरचा क्रमांक. हेडरवर क्लिक करून टेबल क्रमाने लावून घेतले (सॉर्ट केले) की मॉडेलचा क्रमांक वेगळा. ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’ मधे घातल्याशिवाय मॉडेलला हात लावायचा नाही. ही चूक विकासकाच्या मशीनवर कधीच दिसत नाही, कारण तिथे कुणी टेबल लावून बघत नाही. कॉलमचेही तसेच, लोक ‘रंग’ ओढून ‘प्रकार’च्या शेजारी आणतात. कॉलम ओळखायचा तो नावाने, जागेने नाही.

प्रकार बदलला की माप रिकामे करायचे की शिल्लक ठेवायचे? नव्या प्रकाराच्या यादीत तेच माप असेल तर ठेवायचे, नाही तर रिकामे. हे एडिटरमध्ये नको, मॉडेलमध्ये. एडिटर फक्त सध्याच्या सेलपुरता असतो, शेजारच्या सेलची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. ‘सेट व्हॅल्यू अ‍ॅट’मध्ये प्रकार लिहिला की माप तपासायचे आणि दोन्ही सेलसाठी ‘फायर टेबल सेल अपडेटेड’ करायचे. पूर्ण टेबल बदलल्याचा इशारा दिला की ओळीची निवड जाते, काम करणाऱ्याचा हात अडतो.

आणखी एक: रचना बदलल्याचा इशारा (‘फायर टेबल स्ट्रक्चर चेंज्ड’) दिला की टेबल सगळे कॉलम नव्याने तयार करते आणि कॉलमवर बसवलेले एडिटर, रेंडरर, रुंदी सगळे पुसले जाते. ‘सकाळी ड्रॉपडाउन होते, दुपारी साधे बॉक्स झाले’ असे कुणी म्हणाले तर आधी हेच बघा. ‘सेट ऑटो क्रिएट कॉलम्स फ्रॉम मॉडेल’ असत्य केले.

याद्या सुरुवातीला ‘स्विंग वर्कर’मध्ये (पडदा न अडवता मागे काम करणारा क्लास) एकदा आणून मेमरीत ठेवल्या. एडिटर तयार होताना डेटाबेसला विचारणे नको. तो सगळा वेळ पडदा गोठतो, आणि कारखान्यातले नेटवर्क काही ऑफिससारखे नाही.

१३ ते १५ जानेवारी

गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा. ऑर्डर घेणे बंद, चाचणी नाही.

१६ जानेवारी

कीबोर्ड. ऑर्डर घेणाऱ्यांचा एक हात कागदावर असतो, माउस त्यांना नकोच.

एफ-२ने संपादन सुरू होते पण यादी उघडत नाही; आल्ट-खालचा बाण लागतो. एफ-२लाच यादी उघडावी म्हणून संपादन सुरू झाल्यावर ‘शो पॉपअप’ ही मेथड ‘इन्व्होक लेटर’ने, म्हणजे चालू काम आटोपल्यावर, बोलावली. लगेच बोलावले तर कोंबो अजून पडद्यावर बसलेला नसतो आणि यादी कुठे काढायची हेच ठरत नाही, म्हणून अपवाद येतो.

बाणाचे वागणे. टेबलाबाहेर कोंबोत बाण दाबला की निवड लगेच बदलते आणि ‘अ‍ॅक्शन’ घटना सुटते. टेबलात तसे झाले तर पहिल्याच बाणाला संपादन संपेल. म्हणून ‘डीफॉल्ट सेल एडिटर’ कोंबोवर ‘जे कोंबो बॉक्स. इज टेबल सेल एडिटर’ ही प्रॉपर्टी लावतो. मग बाण फक्त यादीत फिरतो आणि एंटरला निवड पक्की होते. पॅकिंगच्या कॉलमचा एडिटर ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट सेल एडिटर’वरून लिहिला होता, त्यात ही प्रॉपर्टी कुणी लावत नाही. तिथे बाण दाबला की एकच पायरी सरकून ड्रॉपडाउन गायब होत होता. प्रॉपर्टी हाताने लावली.

टाइप करून शोध: टेबलावर असताना अक्षर दाबले की ते एडिटरकडे पोचते, पण फोकस टेबलाकडेच राहतो. ‘सेट सरेंडर्स फोकस ऑन कीस्ट्रोक’ सत्य केले. शोध जुळवतो ते पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराशी नाही, ऑब्जेक्टच्या ‘टू स्ट्रिंग’ मेथडने दिलेल्या मजकुराशी. रेंडररमध्ये ‘क-१२ कुंकू’ असे सुंदर दाखवून ‘टू स्ट्रिंग’ लिहायचे राहिले तर टाइप करून काहीच सापडत नाही. आता ‘टू स्ट्रिंग’ नाव परत देतो, रेंडररला वेगळे काही करावे लागत नाही.

डिझाइनला टाइप करता येणारा कोंबो लावून बघितला आणि काढला. त्यात टाइप केलेले मूल्य ऑब्जेक्ट न राहता स्ट्रिंग होऊन परत येऊ शकते, आणि मॉडेलमध्ये कास्ट करताना ‘क्लास कास्ट एक्सेप्शन’ येते. ते सांभाळता येते, पण शेकडो नावांची यादी खाली-वर करणे हाच मुळात त्रास आहे. त्याऐवजी मजकुराचा साधा एडिटर: डिझाइन क्रमांक टाइप करा, ‘स्टॉप सेल एडिटिंग’मध्ये मास्टरशी जुळवा, नाही जुळला तर लाल चौकट आणि खोटे परत. क्रमांक पाठ नसेल तर एफ-४ने शोधाची खिडकी. ज्यांना क्रमांक पाठ आहेत ते कोंबोपेक्षा कितीतरी झपाट्याने ओळी भरतात.

१८ जानेवारी

उंची आणि रुंदी. टेबलाची ओळ मुळात १६ पिक्सेल. त्यात कोंबो बसवला की तो चेपतो, आणि देवनागरी असेल तर ‘मोरपंखी’ची वेलांटी वरून आणि ‘कुंकू’चे उकार खालून कापले जातात. इंग्रजी नावांवर चाचणी केली तर हे दिसतच नाही. चाचणीच्या मास्टरमध्ये उकार-वेलांट्यांची नावे मुद्दाम ठेवली.

उंची फॉन्टच्या मापावरून काढली तरी देवनागरी कापली जात होती. ‘डायलॉग’ हा जावाचा फॉन्ट खरा फॉन्ट नाही; मागे अनेक फॉन्ट जोडलेले असतात आणि उंचीचे माप पहिल्याचे, म्हणजे लॅटिनचे, मिळते. अक्षरे मात्र दुसऱ्याची येतात. म्हणून टेबल, कोंबो आणि कोंबोची यादी तिन्हींना थेट ‘निर्मला यूआय’ हा देवनागरी असलेला फॉन्ट दिला आणि ओळीची उंची दोहोंतली मोठी धरली: फॉन्टची उंची अधिक ६ पिक्सेल, किंवा कोंबोची स्वतःची पसंतीची उंची.

यादीची रुंदी कोंबोइतकी, कोंबो सेलइतका. पॅकिंगचा कॉलम अरुंद, आत ‘पॉलिबॅग, ६ नग, पट्टा लावून’. अर्धे वाक्य वाचून पॅकिंग निवडणार कोण? कोंबोचा उपवर्ग करून ‘गेट साइझ’मध्ये, मांडणी चालू नसेल तेव्हा, रुंदी पसंतीच्या रुंदीइतकी सांगितली. यादी मोठी उघडते, सेल तेवढाच राहतो. थोडी चलाखी आहे, पण लुक अँड फीलच्या (स्विंगचे घटक रंगवणारा कोड) आत हात घालण्यापेक्षा बरी. एका वेळी दिसणाऱ्या ओळी मुळात ८, १५ केल्या.

२० जानेवारी

संपादन चालू असताना ओळ डिलीट. ओळ मॉडेलमधून जाते, एडिटर पडद्यावर तसाच. नंतर कुठे क्लिक केले की एडिटर नसलेल्या ओळीत मूल्य लिहायला जातो. शेवटची ओळ असेल तर इंडेक्सचा अपवाद येतो, आणि तोच बरा. मधली ओळ असेल तर खालची ओळ वर सरकलेली असते आणि मूल्य तिच्यात जाऊन बसते. डिलीटच्या आधी ‘कॅन्सल सेल एडिटिंग’. ‘स्टॉप’ नाही: जी ओळ काढायची तिच्यात मूल्य लिहून तपासणी का चालवायची? ऑर्डर ताजी करताना (रिफ्रेश) मात्र आधी ‘स्टॉप’, कारण तिथे काम वाचवायचे आहे.

एक्सेलमधून पेस्ट. यात एडिटर मधे येतच नाही, मूल्य सरळ ‘सेट व्हॅल्यू अ‍ॅट’मध्ये जाते आणि तेही स्ट्रिंग म्हणून. ड्रॉपडाउन आहे म्हणजे चुकीचे मूल्य येणार नाही, हा समज इथे मोडतो. ‘टॉवेल’ ओळीत ‘६०×९०’ पेस्ट होऊ शकते. मॉडेलमध्ये स्ट्रिंगवरून मास्टर शोधणे, कडेच्या रिकाम्या जागा काढणे, आणि ‘×’च्या जागी इंग्रजी एक्स किंवा तारा आला तरी ओळखणे घातले. न जुळलेले सेल लाल ठेवतो. पेस्ट अर्ध्यात थांबवत नाही.

२२ जानेवारी

कुठल्या सेलमध्ये ड्रॉपडाउन आहे हे क्लिक केल्याशिवाय कळत नाही, ही रास्त तक्रार. रेंडरर म्हणून कोंबोच काढावा असा प्रस्ताव होता. प्रत्येक हाकेला नवा कोंबो तयार करणारा रेंडरर लिहून बघितला: पडद्यावर ४० ओळी आणि ४ ड्रॉपडाउन कॉलम असले की एका रंगवणीला १६० कोंबो तयार होऊन टाकले जातात, आणि स्क्रोल करताना टेबल मागे राहते. एकच कोंबो पुन्हा वापरला तर वेग येतो, पण सगळे टेबल बटणांनी भरते आणि आकडे नीट वाचता येत नाहीत.

ठेवले ते असे: ‘डीफॉल्ट टेबल सेल रेंडरर’चा उपवर्ग, त्यात लहान बाणाचे चित्र, मजकूर डावीकडे, बाण उजवीकडे, आणि बाण फक्त निवडलेल्या ओळीतच. रेंडररचे लेबल सामायिक असल्याने प्रत्येक हाकेला चित्र लावणे किंवा काढणे दोन्ही लिहावे लागते. नुसते लावले तर एकदा लागलेला बाण पुढच्या सगळ्या ओळींवर दिसतो. बंद रंग करड्या अक्षरांत. इथेही तेच, करडा लावला तर पुढच्या सेलला मूळ रंग परत द्यायचा.

बाकी: दर कॉलमची तपासणी मॉडेलमध्ये हलवणे, आणि रंग मास्टरमध्ये ‘बंद’ करताना चालू ऑर्डरी किती आहेत ते त्या खिडकीत दाखवणे.